ओ, मी आई

माझ्या नवऱ्याचं नाव मी आयुष्यात फार थोड्या वेळा घेतलं आहे. लग्नात घास भरवताना उखाण्यात, नंतर एकदा बायकांनी दार अडवलं तेव्हा, आणि पुढे कुवेतमधल्या सरकारी खिडक्यांसमोर, कारण तिथे उखाणा चालत नाही. बाकी सगळा संसार 'अहो'वर निभावला. तेव्हा या लिखाणात कुणाचंच नाव येणार नाही याचं वाचकांनी वाईट वाटून घेऊ नये. नवऱ्याला मी इथेही 'हे' म्हणणार आहे. लेकीचं नाव पुष्कळ शोधून ठेवलेलं आहे, पण तिने बजावलं आहे की तिच्यावर लिहायचं असेल तर ते घालायचं नाही.

लेक कुवेतमध्येच जन्मली. एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांच्या आखडलेल्या माना दिवसभर सरळ करते आणि घरी येऊन स्वतःची मान फोनमध्ये वाकडी करून बसते. मराठी तिला सगळं समजतं. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं भांडणसुद्धा असं दोन भाषांत व्यवस्थित पार पडतं. एकच शब्द ती जन्मापासून मराठीत म्हणत आली आहे. आपल्या खोलीतून हाक मारते, "आई." मी असेन तिथून "ओ" म्हणते. मग ती म्हणते, "काही नाही."

एवढंच. लहानपणी अंधाराला भिऊन हाक मारायची, तेव्हा ठीक होतं. पण पुढे शाळा झाली, कॉलेज झालं, नोकरी लागली, तरी दिवसातून एकदा तरी ही हाक यायचीच. हे एकदा वैतागून म्हणाले, "काही नाही तर हाक कशाला मारतेस?" तर म्हणाली, "जस्ट चेकिंग, बाबा." रिफायनरीत आयुष्य काढलेल्या माणसाला तपासणी हा शब्द पटतो. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी यांच्या निवृत्तीचं पत्र आलं. नोकरी संपली की इकामा संपतो, आणि इकामा म्हणजेच या देशात राहायचा परवाना. उन्हाळ्यापर्यंत आम्ही दोघं नाशिकला जाणार होतो. लेकीचा इकामा तिच्या स्वतःच्या नोकरीवर, त्यामुळे ती राहणार होती. याच खैतानच्या फ्लॅटमध्ये, एकटी. मला रात्रंदिवस एकच घोर लागला. तिचं लग्न ठरवून मगच विमानात बसायचं, असं मी मनाशी धरलं होतं. स्थळं येत होती, ती नाकारत होती. मुलगा न बघताच नाकारायची. म्हणायची, "आई, अरेंज्ड मॅरेज इज सो रिग्रेसिव्ह." मी ठरवून केलेल्या लग्नाचा पुरावा म्हणून समोर उभी असताना म्हणायची.

आणि मग त्या हिवाळ्यात तिला एका जपानी मालिकेचं वेड लागलं. जुन्या काळातली गोष्ट. समुद्रकाठचं एक लहान गाव, तिथला तारमास्तर, आणि दुसऱ्या गावाहून बोटीने आलेली त्याची नवरी. दोघांनी एकमेकांना धड पाहिलेलंही नाही. लग्न मोठ्यांनी ठरवलेलं. दिवसभर लोकांच्या तारा पाठवून त्या माणसाला अशी सवय लागलेली, की घरातही एकेक शब्द जपून वापरायचा. बिचारीला वाटायचं, नवरा रागावला आहे. तो आपला वाक्यातला कुठला शब्द वगळता येईल याचा विचार करत असायचा. सगळी गंमत या एवढ्यावर चाललेली. आणि माझी लेक, ठरवून केलेल्या लग्नाच्या नावाने नाक मुरडणारी, उशी पोटाशी धरून डोळे पुसत होती.

"हे ठरवून केलेलं लग्नच ना?" मी विचारलं.

"आई, इट्स डिफरंट. इट्स पिरियड."

"म्हणजे काय?"

"जुन्या काळातलं."

"माझंही जुन्या काळातलंच आहे," मी म्हटलं. त्यावर तिने आवाज वाढवला.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी जगाची रीत. आमच्या घरात मात्र जपान्यांचा तो बाब्या आणि आमचं ते कार्टं झालं होतं. सुरुवातीला मी तिला चिडवायला म्हणून शेजारी बसले. पुढे गुरुवारी संध्याकाळी जेवणं लवकर उरकून मीच आधी सोफ्यावर जाऊन बसू लागले. पडद्यावरच्या पाट्या इंग्रजीत असायच्या आणि भराभर जायच्या, पण सासरी आलेल्या मुलीचा चेहरा वाचायला मला पाटी लागत नाही.

एका भागात तारमास्तर पहिल्यांदा आपणहून बोलला. नवरी बाजाराला निघाली होती. तो दारात आला, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "पाऊस येईल. छत्री ने." झालं. लेकीने माझा हात घट्ट धरला. "डिड यू हिअर दॅट? ही केअर्स!" तेवढ्यात हे बाल्कनीतून आत आले आणि म्हणाले, "धूळ येणार आहे. खिडक्या लाव." लेकीने मान वळवूनही पाहिलं नाही. मी उठून खिडक्या लावल्या. इतकी वर्षं हे वाक्य ऐकत होते, पण हे प्रेमाचं वाक्य असू शकतं, ही शंका मला त्या दिवशी पहिल्यांदा आली.

मग ते 'आनाता' निघालं. नवरी नवऱ्याला सारखी 'आनाता' म्हणायची आणि खाली पाटीवर 'डिअर' लिहून यायचं. लेकीने मला शिकवलं, की खरा अर्थ नुसता 'तुम्ही' असा आहे, पण बायकोने नवऱ्याला म्हटलं की त्यात सगळं येतं. नाव घ्यायचं नाही म्हणून असं म्हणतात.

"म्हणजे अहो," मी म्हटलं.

तिने मालिका थांबवली. माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, जिथे 'आनाता' बनियनवर बसून नखं कापत होते. मग मालिका पुन्हा सुरू केली. त्यानंतर मी 'अहो' अशी हाक मारली की माझ्याकडे टक लावून बघायची, आणि मला उगाचच लाजल्यासारखं व्हायचं.

खरा घोटाळा झाला तो पुढच्याच आठवड्यात. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. लेक तिच्या खोलीत फोनवर मैत्रिणीशी बोलत होती, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "ओ, मी आई." मला वाटलं, माझी नक्कल करते आहे. मी दुर्लक्ष केलं. पुन्हा आलं, "ओ, मी आई." आणि वर हसणं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी पिठाच्या हातांनी तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "हो, मी आई. पुढे काय?"

ती आधी गोंधळली, मग पलंगावर आडवी होऊन हसली. तो जपानी शब्द होता. ओमिआई. लग्न ठरवण्यासाठी मुलगा-मुलगी मोठ्यांच्या साक्षीने भेटतात, त्या भेटीला तिकडे ओमिआई म्हणतात.

"म्हणजे कांदेपोहे," मी म्हटलं.

"नो!" ती उठून बसली. मग तिने फरक समजावला. ओमिआईत एक मध्यस्थ असतात, त्यांचा मान असतो. बाग वगैरे असते. मोठी माणसं थोडा वेळ बसून बाजूला होतात आणि दोघं फिरायला जातात. आणि मुलीला गाणं येतं का, असं कुणी विचारत नाही.

"मग ओमिआई केलीस तर चालेल तुला?"

हे मी सहज विचारलं होतं. पण ती स्वतःच्याच जाळ्यात अडकली होती आणि मैत्रीण फोनवर ऐकत होती. "ओमिआई... मे बी," ती म्हणाली. मी हात धुतले आणि लगेच वरच्या मजल्यावर खालांकडे गेले.

खाला रत्नागिरीकडच्या. त्यांच्या यजमानांची फरवानियात लहानशी खानावळ आहे. एकटे राहणारे पुष्कळ नोकरदार तिथे जेवतात. लेक त्यांना लहानपणापासून खाला, म्हणजे मावशी, म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. मध्यस्थ म्हणून मला त्यांच्याइतकं मानाचं माणूस माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी जपानचा भाग सोडून दिला आणि कामाचं तेवढं घेतलं.

"एक पोरगा हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्यातलाच. सांगलीचा. आमच्याकडं जेवाया येतो. पानात काय टाकत नाय, नि जेवताना फोन बघत नाय. अजून काय पायजे गो?"

मला तेवढं पुरेसं होतं. शिक्षण वगैरे मी घरी आल्यावर त्यांना फोन करून विचारलं.

बाग कुठून आणायची हा प्रश्न होता. शेवटी खैरानला समुद्रकाठी एक शॅले, म्हणजे तिथलं सुट्टीचं भाड्याचं घर, एका शुक्रवारपुरतं घेतलं. लेकीने बजावलं होतं की पोहे नकोत, पोहे आले की कांदेपोहे होतात. मी मान डोलावली आणि पोह्यांचा मोठा डबा गाडीत सीटखाली ठेवला. मुलगा खालांना आपल्याच गाडीतून घेऊन आला. उंच, किंचित पोक काढून चालणारा, बोलायला कमी. बसायच्या आधी खालांच्या पाठीला उशी दिली. मी लेकीकडे पाहिलं. ती त्याच्या पोकाकडे बघत होती, धंद्याची नजर.

बारा वाजता सगळ्यांना भूक लागली तेव्हा मी सीटखालचा डबा काढला. लेकीने माझ्याकडे असं पाहिलं, की जपानात मी असते तर मला बोटीने परत पाठवलं असतं. पण खाल्ले सगळ्यांनी. मग खाला रीतसर म्हणाल्या, "जावा, दर्या बघून या," आणि ती दोघं वाळूतून चालत निघाली.

आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो. खाला मध्यस्थीचं काम संपवून खुर्चीतच डुलक्या घेऊ लागल्या. हे समुद्राकडे बघत होते. मालिकेने माझं डोकं इतकं बिघडवलं होतं, की मी त्या वयात, त्या उन्हात, यांना विचारलं, "अहो, तुम्ही मला पसंत का केलंत?"

हे समुद्राकडेच बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "तुमच्याकडच्या पोह्यांत मीठ नव्हतं."

"काय?"

"बघायला आलो तेव्हा. मीठ अजिबातच नव्हतं. मी बोललो नाही. तूही तेच पोहे खात होतीस, तूही बोलली नाहीस. कुणाचा पाणउतारा केला नाहीस. म्हटलं, हिच्याशी जमेल."

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. इथे अळणी मिठावरून मी आवडती ठरले होते, आणि हे मला त्या दिवशी खैरानला कळत होतं. आता खरं सांगायचं तर त्या पोह्यांत मीठ आहे की नाही, हे मला कळलंच नव्हतं. घशाखाली घास उतरत नव्हता; मीठ काय, त्यात वाळू असती तरी मी चावली असती. यांचा सगळा संसार या गैरसमजावर उभा होता. मी तो दूर केला नाही. आता काय उपयोग? पण मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांच्या ताटलीत अजून थोडे पोहे वाढले आणि त्यांनी ते निमूट खाल्ले.

ती दोघं पुष्कळ वेळाने परत आली, आणि हसत आली. माझ्या मनात सनई सुरू झाली. परतीच्या वाटेवर गाडीत मी धीर धरून धरून शेवटी विचारलं.

"ही इज नाइस," लेक म्हणाली. "पण स्पार्क नाही."

हे गाडी चालवत होते. "स्पार्क कशाला हवा?" ते म्हणाले. "आमच्याकडे स्पार्क दिसला की सायरन वाजतो."

ती हसली. मला हसू आलं नाही. घरी आल्यावर मी बांगड्या काढता काढता बोलायला लागले आणि मग थांबले नाही. म्हटलं, मला तुझ्या लग्नाची हौस नाही, वरात बघायची हौस नाही. मला भीती वाटते. उद्या मी नाशिकला असेन आणि तू या घरात सवयीने 'आई' म्हणशील, आणि घरात कुणी नसेल. हाकेला ओ द्यायला माणूस लागतं, बाकी तुला कशालाच कुणी लागत नाही हे मला माहीत आहे. एवढीच माझी भीती आहे, तिला तू काय म्हणायचं ते म्हण.

ती उभी राहून ऐकत होती. "आय विल बी फाइन, आई," म्हणाली आणि खोलीत गेली. थोड्या वेळाने आतून हाक आली. "आई."

"ओ," मी म्हटलं.

"काही नाही."

तिथे हे प्रकरण संपायला हवं होतं. पण उरलेले पोहे मी त्या मुलाला डब्यात भरून दिले होते, आणि डबा परत आला. मुलगा दारात उभा. डबा घासून लख्ख केलेला, आणि आत कागदाच्या पुडीत चमचाभर साखर.

"रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात, काकू," तो म्हणाला. "मला साखरच सापडली."

मी डबा घेतला आणि अर्थातच रिकामा परत दिला नाही. पुढच्या वेळी त्यात दाणे आले, त्याच्या पुढच्या वेळी खजूर. खैतान आणि फरवानियाच्या मध्ये तो डबा येत-जात राहिला. लेक म्हणायची, "यू आर ऑब्व्हियस, आई." मी म्हणायचे, मी काय केलं, डबा त्याचा तो येतो. दरम्यान त्याने ती मालिका पाहायला घेतली होती. खैरानच्या वाळूत हिनेच त्याला सांगितलं होतं म्हणे. सगळा वेळ तेच बोलत होते. त्याचं म्हणणं, तारमास्तर लाजाळू नाही, दमलेला आहे. हिचं म्हणणं, त्याला काही कळत नाही. हा वाद मिटवायला तो गुरुवारी येऊ लागला. सोफ्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, आणि मध्ये सन्माननीय मध्यस्थांच्या जागी मी. "वी आर जस्ट फ्रेंड्स," मी न विचारताच मला सांगितलं गेलं. मी तोंडाला कुलूप लावलं. हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

उन्हाळा आला. यांचा निरोपसमारंभ झाला, तिकिटं आली, घरभर खोकी पसरली. भिंतींवरचे आमचे फोटो उतरवल्यावर फ्लॅट अनोळखी दिसायला लागला. निघायच्या आदल्या शुक्रवारी तो मुलगा खोकी बांधायला मदतीला आला. मालिकेचा शेवटचा भाग लेकीने राखून ठेवला होता. तो बघितला की संपेल म्हणून बघवत नव्हता. काम झालं की सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं होतं. तो हॉलमध्ये खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. लेक आत कपाट आवरत होती. मी स्वयंपाकघरात शेवटचे पोहे परतत होते आणि हे माझ्याजवळ बसून स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

आतून हाक आली. "आई."

माझ्या हातात झारा होता. ओ तोंडात आला. पण त्या घरातली ही हाक आता संपत आली, असं मनात आलं आणि क्षणभर उशीर झाला.

"ओ," हॉलमधून आवाज आला.

चिकटपट्टी फाडल्याचा आवाज थांबला. यांनी हातातला कागद तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. लेक खोलीच्या दारात आली असावी. तिचा आवाज आला, आणि तो चक्क मराठीत होता.

"मी आईला हाक मारली."

"हो," तो म्हणाला. "काकू कामात आहेत. तुला काय पाहिजे?"

 मी गॅस बारीक केला.

"काही नाही," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि पट्टी पुन्हा फाडायला लागला.

कशाला हाक मारलीस, हे त्याने विचारलं नाही. ती परत आत गेली नाही. तिथेच खोक्यावर बसल्याचा आवाज आला. मला आनंद झाला, इतका की डोळे भरले. आणि त्याच डोळ्यांत थोडं दुसरंही होतं, ते लपवत नाही. ती हाक माझी होती.

"मीठ," हे हळूच म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

तोंडात आलेला ओ मी गिळला, आणि पोह्यांत मीठ घातलं.